पिठातलं पाऊल

आमच्या नातेवाइकांत माझं नाव फारसं चांगलं नाही. धुळ्याला आमच्याकडे यायचं ठरलं की लोक आधी आपल्या पायांचे तळवे बघतात आणि मग बेल वाजवतात. गॅसचा ओटा दिवसातून तीनदा, मोरी दोनदा, पंख्याची पाती दर रविवारी. नवरा म्हणतो, हिच्या हाती लागलं तर ही ऊनसुद्धा झटकून वाळत घालेल. या थट्टेचा मला कधी राग आला नाही, उलट आतून बरंच वाटायचं. कुणाला गळा असतो, कुणाच्या हाताला चव असते. मला डाग काढता येतात. हळदीचा, ग्रीसचा, केळीच्या चिकाचासुद्धा. आणि चिकाचा डाग काढणाऱ्या बाईला खानदेशात मान असतो.

म्हणून पुढचं सांगायला मला जड जातं. माझ्या हातून आयुष्यात एक जागा साफ झाली नाही, आणि ती कुठली होती हे ज्यांना तेव्हा सांगावंच लागलं त्यांच्याशिवाय मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही.

माझे काका, वडिलांचे धाकटे भाऊ, जळगावला राहायचे. सगळे त्यांना नाना म्हणायचे. वरणगावच्या फॅक्टरीत नोकरी करून निवृत्त झाले, लग्न केलं नाही, कॉलनीत दोन खोल्यांचं घर बांधलं आणि त्यात एकटेच राहिले. एकटे म्हणजे अगदी एकटे नाही. सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकाला एक बाई यायच्या. पंचेचाळिशीच्या, अंगाने बारक्या, बोलायला फटकळ. आठ-नऊ वर्षं त्या येत होत्या. नाना आजारी पडले की आम्हाला फोन त्यांचाच यायचा. घराची एक किल्ली त्यांच्याकडे असायची, कारण नानांना दुपारी झोप लागली की दारावर ढोल वाजवला तरी जाग येत नसे.

त्या मे महिन्यात बाई भाचीच्या लग्नाला गावी गेल्या होत्या. तीन दिवसांनी परत आल्या, किल्लीने दार उघडलं आणि किंचाळत रस्त्यावर आल्या. कुणीतरी नानांच्या डोक्यात घाव घातला होता. मोबाइल, अंगठी आणि कपाटातलं हाताला लागलं ते गेलं होतं. दोन दिवस ते बाहेरच्या खोलीत तसेच पडून होते. जळगावचा मे महिना, बंद घर, दोन दिवस. याहून जास्त मी लिहिणार नाही.

आम्ही धुळ्याहून पोहोचलो तोवर पोलीस आले होते. पारोळ्याजवळच्या गावाहून माझे वडीलही आले होते. त्यांना आम्ही आबा म्हणतो. वय ऐंशीला टेकलेलं. आबा रडले नाहीत. समोरच्या घरी कापड दुकानवाले जैन कुटुंब राहत होतं, त्यांनी आम्हाला आपली वरची खोली मोकळी करून दिली. तिथे भिंतीला टेकून आबा बसले ते बसलेच. ना जेवले, ना झोपले. धाकट्या भावाला त्यांनी लहानपणी खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं, पोलिसांना दिलेली उत्तरं सोडली तर एवढं एकच वाक्य ते मधूनमधून बोलायचे, तेही कुणाला उद्देशून नाही.

दुसऱ्या दिवशी नानांना आम्ही अग्नी दिला. त्याच्या पुढच्या दिवशी पोलिसांनी घराची किल्ली आमच्या हातात ठेवली.

"पंचनामा झाला, नमुने घेतले. आता घर तुमचं," हवालदार म्हणाले. "साफसफाई करून घ्या."

"ती कोण करतं?" मी विचारलं.

"ते तुम्ही बघा, ताई."

हे उत्तर मला आजही आठवतं, आणि आजही राग येतो. त्या माणसाचा नाही, त्याची ड्यूटी तेवढीच. माणूस मेल्यावर पोलीस आपलं काम करतात, डॉक्टर आपलं करतात, स्मशानातली माणसं आपलं करतात, आणि मग मध्ये एक खोली उरते. ती कुणाचीच नसते. ती घरच्यांच्या गळ्यात पडते, आणि घरच्यांनी ती झाडूपोछा समजून उरकायची असते.

माझा आतेभाऊ धावपळीचा माणूस. सगळीकडे ओळख. तो लगेच म्हणाला, "सफाईवाल्यांपैकी कुणाला बोलावतो. बाटली दिली की करतात ते."

मी तिथेच त्याच्यावर भडकले. "का? त्यांना नाक नसतं का? घाण निघाली की बरोबर तीच माणसं आठवतात तुम्हाला!" मग मी म्हणाले, "नाना आपले होते. मी करते." याच्यात खोटं काही नव्हतं. पण थोडा माजही होता, तो आता कबूल करते. मला डाग काढता येतात ना! घाई होतीच, कारण आमच्यात माणूस जिथे गेला त्याच जागी दिवा ठेवावा लागतो, आणि आबा तेवढ्यासाठी थांबून होते. संध्याकाळच्या आत जागा शुद्ध व्हायला हवी होती.

हे काम शिकलेली, त्याचे कपडे आणि त्याची औषधं असलेली माणसं जगात असतात, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

साडी खोचली, नाकाला ओढणी गुंडाळली, भांडी घासायचे रबरी मोजे घातले आणि सकाळी दहाला आत गेले. नवरा बाहेरच्या नळावरून बादल्या भरून उंबऱ्यापर्यंत आणून देत होता. त्याला मी आत येऊ दिलं नाही. शेजारपाजारचे लोक फाटकाशी जमू लागले, खिडकीतून डोकावू लागले, तशी मी खिडक्या लावल्या आणि दारही ओढून आतून कडी घातली, बादली आत घेण्यापुरती ती काढायची. नानांचा तमाशा मला करायचा नव्हता.

पहिल्यांदा मी काय केलं? उकळतं पाणी ओतलं. जंतू मरतील म्हणून. तेलकट डागावर आपण ओततो तसं. मग धुण्याची पावडर, मग खराटा, मग पुन्हा पाणी. जितकं घासावं तितका तो डाग फरशीत मुरत गेला. खाली जुनी शहाबादी फरशी होती, तिच्या सांध्यातलं सिमेंट ठिकठिकाणी उडालेलं. मी बादल्यांवर बादल्या ओतत होते. एकदा माझ्या लक्षात आलं की पाणी मोरीकडे जातच नाहीये. खोलीच्या मधोमध, चार फरश्यांचे कोपरे जिथे जुळत होते तिथे, ते फिरत होतं आणि नाहीसं होत होतं. मी थांबून बघितलं. आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. चला, गेलं एकदाचं, असं मनात म्हणाले.

वास मात्र गेला नव्हता. मग मी संडासातली अ‍ॅसिडची बाटली आणली. ती ओतली आणि वरून ब्लीचिंग पावडर पसरली, कारण एकाने होत नाही तर दोघांनी होईल, हा घराघरातल्या बायकांचा हिशेब. फरशीवरून पिवळट धूर निघाला. घशात तिखटाचा तोबरा कोंबल्यासारखं झालं. डोळे मिटले ते उघडेनात. दाराकडे धावले तर दार सापडेना, भिंत सापडली. भिंत चाचपत कोपऱ्यात गेले, कोपऱ्यातून परत. नानांच्या कपाटावर कपाळ आपटलं. श्वास घ्यावा तर आत आग, न घ्यावा तर जीव जातोय. त्या खोलीतून दुसरं माणूसही असंच बाहेर पडू शकलं नव्हतं, हे तेव्हा मला उगाचच आठवलं. कडी हाताला लागली तेव्हा ती ओली आणि घट्ट झालेली होती. बाहेरून नवरा दार ठोकत माझं नाव घेत होता. कडी निघाली आणि मी त्याच्या अंगावरच पडले.

अर्धा तास व्हरांड्यात खोकत बसले. मग तोंड धुतलं, आत गेले, खिडक्या उघडल्या, राहिलेलं पाणी काढलं, गोमूत्र शिंपडलं आणि उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवला. "झालं," मी सगळ्यांना सांगितलं. "एकदम स्वच्छ."

दिवस मावळताना आबांना धरून आम्ही तिथे आणलं. जिथे नाना पडले होते तिथे आत्याने ज्वारीचं पीठ पसरलं, हाताने सपाट केलं, शेजारी दिवा लावला आणि पिठावर दुरडी पालथी घातली. आमच्याकडे सकाळी ही दुरडी उचलतात आणि पिठात कसली खूण उमटली ते बघतात. मुंगीच्या रेघा दिसतात, कधी चिमणीचं पाऊल दिसतं, आणि गेलेला माणूस त्या जन्माला गेला असं धरतात. बहुतेक वेळा काहीच दिसत नाही, आणि मग म्हातारी माणसं आपापल्या परीने काहीतरी बघतात.

सकाळी आतेभावाने दुरडी उचलली. पिठात पाऊल होतं.

म्हणजे तसं दिसत होतं. वीतभर लांब, तपकिरी, ओलसर डाग. एका टोकाला टाचेसारखा गोल, मधे निमुळता, पुढे रुंद, आणि पुढच्या बाजूला चार-पाच ठिपके. डावं पाऊल. आत्याने तोंडावर पदर घेतला. खोलीत दहा-बारा माणसं होती, सगळी एकदम मागे सरकली.

फक्त आबा पुढे आले. गुडघे धरत खाली बसले, किती तरी वेळ बघत राहिले, आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मानसात उना," ते म्हणाले. "मना भाऊ मानसात उना परत."

भाऊ माणसाच्याच जन्माला आला म्हणत त्यांनी त्या ओल्या पिठाला बोट लावलं आणि ते बोट आपल्या कपाळाला लावलं.

मी त्यांच्या मागेच उभी होते. मला ते पाऊल दिसलं नाही. मला फरशीचा सांधा दिसला. ज्या चार कोपऱ्यांत काल पाणी फिरून नाहीसं झालं, तीच ती जागा. टाच म्हणजे चार कोपरे जुळतात तिथला खड्डा, ठिपके म्हणजे सिमेंट उडालेल्या भोकांची रांग. मी बादल्यांनी जे खाली ढकललं होतं, ते कोरड्या पिठाने परत वर ओढून घेतलं होतं. माझ्या वडिलांनी कपाळाला काय लावलं हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. तोंड उघडलं आणि मिटलं.

त्याच क्षणी बोलले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. पण काय बोलणार होते? आबा, तो नानांचा पुनर्जन्म नाही, मला नीट धुता आलं नाही? माणूस चार दिवसांनी रडला होता. आणि शिवाय, लपवत कशाला, सगळ्यांसमोर मी "एकदम स्वच्छ" म्हणाले होते.

तेवढ्यात आतेभाऊ खाली वाकून म्हणाला, "मामा, नीट देखा. केवढंसं शे. हाई बाईनं पाऊल शे."

बाईचं पाऊल म्हटल्यावर मागे सरकलेले सगळे पुन्हा पुढे वाकले. मग आत्या हळूच म्हणाली, "किल्ली कोनाजोडे व्हती?"

झालं. दोन वाक्यांत झालं. आपल्याला कुणी मारलं ते नाना सांगून गेला, असं ठरलं. कालपर्यंत आबा पोलिसांना सांगत होते, ती बाई आम्हाला लेकीसारखी, तिच्यावर आमचा संशय नाही. त्या दुपारी आतेभाऊ त्यांना ठाण्यात घेऊन गेला आणि त्यांनी नवा जबाब दिला की आमचा संशय तिच्यावर आहे. साहेब पिठाचं ऐकून हसले म्हणे. पण किल्ली होती, घरच्यांचा लेखी संशय होता, आणि चोर सापडत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना चौकशीला बोलावलं.

त्यांना सकाळी दहाला बोलवायचे आणि दिवस मावळताना सोडायचे. बाकावर बसवून ठेवायचे, मधूनच आत बोलावून तेच तेच विचारायचे. ठाण्याकडे जायचा रस्ता आमच्या गल्लीतून होता. पहिल्या दिवशी परतताना त्या आमच्याकडे आल्या, जिन्याखाली उभ्या राहून वर बघत म्हणाल्या, "आबा, मी तं लगीनमा व्हतू. बठ्ठासले माहीत शे. इचारा कोन्हाले बी."

लग्नातल्या सगळ्यांना माहीत होतं ते, पण आबांनी तोंड फिरवलं. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होते. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी आत गेले आणि चहाची भांडी घासायला घेतली, जी आधीच घासलेली होती.

ते चार दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. बाहेर रस्त्यावर डांबर वितळत होतं, त्या एका खोलीत आम्ही आठ माणसं, एक कूलर, आणि सुतक असल्याने कुठे जाता येईना. बसल्या जागेवरून खिडकीतून समोर नानांचं घर दिसायचं. आबा आता जेवत होते. झोपत होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते की भाऊ माणसात आला. ते पीठ त्यांनी डबीत भरून उशाशी ठेवलं होतं, तापीत सोडायला. त्यांचा चेहरा बघितला की मला वाटायचं, राहू दे. मग गल्लीतून बाई जाताना दिसायच्या आणि वाटायचं, आत्ताच्या आत्ता सांगावं. दोन्हींच्या मध्ये मी गाडग्यात मान अडकलेल्या मांजरीसारखी फिरत होते. तिसऱ्या दिवशी कळलं की बाईंची स्वयंपाकाची बाकी दोन घरं सुटली. त्यांना उद्यापासून येऊ नका असं सांगितलं होतं.

नवऱ्याला मी तिसऱ्या दिवशीच सांगितलं. तो म्हणाला, "सांगायचं तर तूच सांगायला हवंस. माझं कुणी ऐकणार नाही." बरोबर होतं. जावयाने सासऱ्याच्या भावाच्या पुनर्जन्माबद्दल बोलायचं म्हणजे कठीणच.

माझा खोकला मात्र वाढत होता. चौथ्या दिवशी सकाळी नवरा मला ओढतच डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "काय हुंगलंत?" मी सांगितलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. "अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग? दार लावून? काकू, तुम्ही तिथे मेला असतात. आणि मोजे भांड्यांचे? हाताला कुठे कापलंय का, दाखवा." मग एका कागदावर नंबर लिहून दिला. नाशिकला काही लोक आहेत, म्हणाले, अशा जागा साफ करण्याचं काम करतात, त्यांना आधी विचारा.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसूनच मी फोन लावला. पलीकडे बाईचा आवाज होता. तिने मला एकही सांत्वनाचं वाक्य ऐकवलं नाही, फक्त प्रश्न विचारले. फरशी कुठली? सांधे उघडे आहेत का? पाणी गार टाकलं की गरम? किती बादल्या? पाणी मोरीत गेलं की मुरलं?

"मुरलं," मी म्हणाले.

"मग ते खालीच आहे. भरावाच्या मातीत. ते वर येत राहणार. आलंय का आत्तापर्यंत?"

"आलंय," मी म्हणाले, आणि रस्त्यावर लोक जात-येत असताना हमसाहमशी रडले.

परत आले तेव्हा आबा जेवून पानाची तयारी करत होते. आतेभाऊ, आत्या, सगळे तिथेच होते. मी चप्पल काढली नाही. खोलीत चप्पल घालून गेलेली मी, हे बघूनच नवऱ्याला कळलं असावं.

"आबा," मी म्हणाले, "ते पाऊल नही शे."

आणि मग मी सगळं सांगितलं. पाणी कुठे मुरलं, सांधा कुठे आहे, ठिपके कशाचे आहेत. आवाज चढलेला होता माझा, मध्येच खोकल्याची उबळ येत होती, पण थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा बोलू शकले नसते. आतेभाऊ म्हणाला, तुला भ्रम झालाय. मी म्हणाले, चल, आत्ता पीठ पसरू, उद्या बघू, पुन्हा तेच पाऊल येतं का नाही ते. आत्या म्हणाली, "पन तू तं सांगं व्हतं, एकदम स्वच्छ शे."

"खोटं सांगितलं," मी म्हणाले. "मला जमलं नाही."

आबांनी हातातलं पान खाली ठेवलं. उशाकडे बघितलं, त्या डबीकडे. मग कपाळावरून हात फिरवला, एकदा, सावकाश. मला वाटलं ते मला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हन्जे," ते म्हणाले, "तो आजून खालेच शे?"

त्यांनी काठी घेतली आणि उठले. "काढा मंग त्याले," एवढंच म्हणाले, आणि आतेभावाला ठाण्यात चल म्हणाले. जबाब मागे घ्यायला.

दुसऱ्या दिवशी नाशिकची माणसं आली. फोनवरची बाई आणि एक पुरुष. अंगभर पांढरे सूट, डोळ्यांवर गॉगल, तोंडावर गाळणीचे डबे लावलेले मास्क, दुहेरी मोजे. मे महिन्यात जळगावला तसा सूट घालणं म्हणजे काय ते इथल्यांनाच कळेल. दर थोड्या वेळाने ती दोघं बाहेर येऊन सावलीत बसत, पाणी पीत, नवे मोजे घालून पुन्हा आत जात. त्यांनी आधी फोटो काढले, आबांना समजेल असं सांगितलं, त्यांची परवानगी घेतली, मगच पहार लावली. चार फरश्या निघाल्या. खालची माती हातभर खोलीपर्यंत काळी आणि ओली होती. ती त्यांनी पिवळ्या पिशव्यांत भरली, पिशव्या बांधल्या, मोजल्या. ठाण्यातले साहेब येऊन बघून गेले. आबा व्हरांड्यात खुर्चीवर बसून होते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पिशव्या बाहेर निघत होत्या तेव्हा ते प्रत्येक पिशवीला उठून उभे राहत होते. डबी त्यांनी शेवटच्या पिशवीत स्वतःच्या हाताने टाकली.

जाताना त्या बाईने मला सांगितलं की पहिलं पाणी नेहमी गार असतं, गरम पाण्याने रक्त धरून बसतं. आणि पाणी ओतायचंच नसतं, टिपून घ्यायचं असतं. "तुम्ही आळस केला असता तर आमचं काम निम्मं झालं असतं," ती म्हणाली. "मेहनत केलीत म्हणून बिघडलं." तिला टोमणा मारायचा नव्हता. पण आयुष्यात माझ्या कामाबद्दल इतकं खरं मला कुणी बोललं नव्हतं.

चोर पुढे मोबाइलवरून सापडला. नानांच्या ओळखीतला कुणी नव्हताच.

तेरावं झाल्यावर मी बाईंच्या घरी गेले. शहराच्या टोकाला त्यांची वस्ती आहे, नालीच्या कडेने जावं लागतं. त्या दारात बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. मी गेल्या गेल्या हात जोडले आणि सगळं सांगितलं. फरशी, पाणी, सांधा, आबांनी जबाब मागे घेतला ते. त्यांनी हात न थांबवता ऐकलं. आबा कसे आहेत, विचारलं. मग सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"ताई, तुमले कव्हय समजनं?"

मला खोटं बोलता आलं असतं. चौथ्या दिवशी, नाशिकच्या बाईने सांगितल्यावर कळलं, असं. तेही अगदीच खोटं झालं नसतं.

"दुरडी उचलली तेव्हाच," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, जणू हे त्यांना जिन्याखाली उभं असतानाच कळलं होतं.

"मंग माले चार दिन तठे कसाले बसू दिधं?"

उत्तर माझ्याजवळ तयार होतं. म्हाताऱ्या बापासाठी, बाई. त्याला झोप लागत होती म्हणून. मी ते सांगणारच होते, तेवढ्यात आत अंधारात काहीतरी हललं आणि मी वर बघितलं. त्यांचे वडील खाटेवर बसले होते, आबांपेक्षाही थकलेले, आणि माझ्या उत्तराची वाट बघत होते.